वर मी, खाली मिस्त्री

कोणाच्या घरी गेलं की बाकीच्या बाया पडदे पाहतात, सोफा पाहतात, शोकेसमधल्या बाहुल्या पाहतात. मी फरशी पाहते. अर्ध्या नागपूरच्या फरश्या मला तोंडपाठ आहेत. सदरच्या एका दवाखान्याची काळी, ठिपक्यांची. जरीपटक्याच्या कापडवाल्या शेठजींची पांढरीशुभ्र, तिच्यावर सांडलेलं प्लास्टर दिसायचंच नाही, पायाला टोचलं की कळायचं. छतांचं विचाराल तर एकही नीट आठवत नाही. आणि मजा अशी, की काम आमचं छताचंच होतं!

आमचं काम म्हणजे पीओपीचं, पांढऱ्या प्लास्टरचं. मिस्त्री लाकडी घोडीवर चढून छत करायचे आणि मी खाली माल कालवायची. मिस्त्री म्हणजे माझे यजमान, देवराव. सगळं जग त्यांना मिस्त्री म्हणायचं, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणायला लागले. मला जग काहीच म्हणायचं नाही. वरून फक्त आवाज यायचा, "माल!" की घमेलं डोक्यावर घेऊन मी घोडीपाशी हजर. वरून हात यायचा, घमेलं जायचं, रिकामं परत यायचं. तीस वर्षं हेच. उरल्या वेळात फरशीवर पडलेले शिंतोडे खरवडायचे. मान वर करायला फुरसत कोणाला होती बाप्पा?

माल कालवणं म्हणजे काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं त्यात काय मोठं! भुकटी असते मैद्यासारखी. ती पाण्यात सोडायची. पाणी भुकटीत ओतायचं नाही, नाहीतर गोळेच गोळे. मग फार न ढवळता हाताने हलकेच फिरवायचं. माल आधी ताकासारखा असतो, मग दह्यासारखा, मग लोण्यासारखा. लोणी आहे तोवर मिस्त्रीचं राज्य. त्यानंतर दगड! दूध गॅसवर ठेवून शेजारणीशी चार शब्द बोलावे, तेवढ्यात खेळ खलास. घमेल्यात जुन्या मालाचा एक खडा राहिला, तरी नवा माल लवकर बसतो, म्हणजे दगड होतो. म्हणून घमेलं घासूनपुसून लख्ख ठेवायचं, देवाच्या तांब्यासारखं.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुना. एक वकीलसाहेब होते, त्यांना छत कसं होतंय ते खालूनच पाहायचं होतं. चटई टाकून हॉलमध्ये उताणे झोपायचे आणि सूचना द्यायचे, "डावीकडे जरा जाड वाटतंय हो." एकदा सूचना द्यायला तोंड उघडलं आणि वरून पडला ना गोळा, नेमका तोंडात! मी त्यांना अंगणात नेऊन गुळण्या करायला लावल्या. त्यानंतर वकीलसाहेब खुर्चीवर बसायला लागले, तेही बाजूच्या खोलीत. बेसाच्या एका बाईंना छतावर मोर पाहिजे होता. मिस्त्रींनी जीव ओतून मोर केला, पण बाई म्हणाल्या, ही तर कोंबडी दिसते. आमचे मिस्त्री घोडीवरूनच म्हणाले, "लांडोर आहे बाई. मोर काय, उडून जाते. लांडोर घरात टिकते." बाई इतक्या खुश झाल्या, की आम्हाला दोन वेळा चहा मिळाला.

तर अशा माणसाची नागपुरात ख्याती कशाची होती? थंड हाताची. "देवराव मिस्त्रीचा हात थंड आहे," असं सगळे कारागीर म्हणायचे. दुसऱ्यांचा माल हातातल्या हातात बसून जायचा, आमच्या मिस्त्रींच्या हातात तो थांबायचा. ते निवांत नक्षी काढत बसायचे आणि माल लोण्यासारखाच राहायचा. दूरदूरचे मिस्त्री पाहायला यायचे. हे हात पुढे करून दाखवायचे, "पाहून घ्या गा. देवाची देन आहे."

देवाची देन! माझ्या कमरेच्या पिशवीतलं लिंबू होतं ते.

झालं असं, की जरीपटक्याच्या शेठजींकडे आमचं पहिलं मोठं काम. मिस्त्री तेव्हा नवे, हात सावकाश. टोकाची नक्षी करेपर्यंत माल दगड. घमेल्यामागून घमेलं फेकून द्यावं लागत होतं. ठेकेदार म्हणाला, आज हा कोपरा झाला नाही तर उद्या येऊ नका. मिस्त्रींचं तोंड एवढंसं झालं. दुपारी जेवताना मी तांब्याभर पाण्यात लिंबू पिळलं होतं, उन्हाचं प्यायला. घाईघाईत वरून आवाज आला "माल!" आणि हाताशी दुसरं पाणी नव्हतं. मी तेच घमेल्यात ओतून भुकटी सोडली. आणि काय सांगू, तो माल बसेचना! मिस्त्रींनी कोपरा केला, वर एक फूल जास्तीचं काढलं, तरी माल मऊच. संध्याकाळी हा माणूस सायकलवर मला मागे बसवून गाणं म्हणत घरी आला. रस्ताभर एकच, "शांते, आज माह्या हाताले काय झालं वं? माल माह्या हाताचं ऐकून राहिला होता!"

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला कसं सांगावं, की बाबा रे, लिंबू होतं? मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कमरेला पिशवी लावली आणि त्यात लिंबं ठेवली. अंदाज बसत गेला. किती पिळलं की माल किती थांबतो, हे मला बोटांना कळायला लागलं. मिस्त्रींची ख्याती वाढत गेली. आणि खरं सांगते, मला मजा यायची. लोक त्यांच्या हाताकडे पाहायचे आणि मी माझ्या पिशवीला हात लावून गालातल्या गालात हसायची. कधीकधी मात्र वाईटही वाटायचं. छत पूर्ण झालं की मालक मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारायचे आणि मला म्हणायचे, "बाई, तेवढी फरशी पुसून घ्या."

आता ते दिवस गेले. हल्ली तयार बोर्ड येतात, स्क्रू मारले की छत तयार. कालवायचं काहीच नाही. मिस्त्रींना चक्कर यायला लागली आणि डॉक्टरांनी सांगितलं, घोडीवर पाय ठेवायचा नाही. आम्ही बेसाला आमच्या छोट्या घरात निवांत बसलो. हॉलचं छत मिस्त्रींनी स्वतः केलेलं, मधोमध मोठं फूल. दरवर्षी त्या फुलाखाली आमच्या महालक्ष्म्या बसतात. जेवायला सगळे जुने कारागीर येतात आणि छताकडे पाहून म्हणतात, "वा मिस्त्री, काय थंड हात!" हे ऐकायला मिस्त्री वर्षभर थांबलेले असतात.

यंदा महालक्ष्म्या यायच्या आदल्या संध्याकाळी मिस्त्रींनी पाण्याची मोटर सुरू केली आणि टीव्हीपुढे जाऊन बसले. वरची टाकी भरली, वाहिली, स्लॅबच्या भेगेतून पाणी आलं आणि धप्पकन आवाज झाला. त्या फुलाचा अर्धा भाग खाली! नशीब की खाली कोणी नव्हतं. मिस्त्री वर पाहत राहिले, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मोटर तूच सुरू केली होती का वं?"

"मी?"

"बरं, राहू दे. सकाळी मी चढतो."

"पाय ठेवून पाहा घोडीवर! डॉक्टरची आठवण आहे ना?"

जुन्या ओळखीच्या कारागिरांना फोन लावले, तर सणामुळे प्रत्येक जण अडकलेला. आणि मनातलं सांगते, मला कोणी नकोच होतं. कोणीही आलं तरी आमच्याकडचा माल कालवताना मिस्त्री जवळ उभे राहणार, पाहणार आणि न राहवून स्वतःच हात घालणार. लिंबाशिवाय माल बसणार आणि तीस वर्षांचा थंड हात एका सकाळी गरम निघणार. लिंबू घालावं तर त्यांच्या डोळ्यांदेखत कसं घालू? म्हणून ठरवलं, करायचं तर एकटीनं. वर मीच, खाली मीच. मिस्त्रींच्या हातात पिशव्या दिल्या आणि त्यांना केळीची पानं, सोळा भाज्या आणि फुलं आणायला सकाळीच इतवारीला पिटाळलं. इतवारीत गेलेला माणूस दुपारशिवाय परत येत नाही.

मग मी पदर खोचला. शेडमधून घोडी आणली. फुटलेल्या जागेच्या कडा खरवडून साफ केल्या, सैल झालेलं सगळं पाडलं, जाळी तारेनं ताणून बांधली. जुन्या कडांवर पाणी शिंपडलं, नाहीतर जुनं प्लास्टर नव्याचं पाणी पिऊन टाकतं. खाली गुळगुळीत फळीवर तेल लावून, काथ्या घालून नवा तुकडा ओतून ठेवला. त्याच्यावर ओल्या मालातच पडलेल्या अर्ध्या फुलाच्या पाकळ्या चमच्याच्या दांड्यानं काढल्या. तीस वर्षं घमेलं देतादेता खालून चोरून पाहिलेल्या पाकळ्या, हो! त्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. इतका आनंद झाला, की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग वर न्यायचा पहिला माल कालवला. छान दह्यासारखा झाला. घमेलं डोक्यावर घेतलं, घोडीपाशी गेले आणि उभी राहिले. उभीच राहिले. कशाची वाट पाहत होते, सांगा! वरून हात येण्याची! तीस वर्षांची सवय, दुसरं काय. घोडी रिकामी, मी खाली घमेलं घेऊन उभी आणि घमेल्यात दगड. मी इतकी हसले, की घोडीला धरून बसावं लागलं.

दुसऱ्या खेपेला लिंबू जास्त पिळलं, घमेलं घोडीवर ठेवलं आणि मागोमाग चढले. वर पोचल्यावर काय वाटलं, ते कसं सांगू? छत इतक्या जवळून मी पहिल्यांदा पाहत होते. जाळीवर काथ्याचा माल बसवला. मग तुकडा वर नेला. एकट्या माणसानं तुकडा बसेपर्यंत धरायचा कसा? पुरुष कारागीर काठीचे टेकू लावतात. माझ्याकडे त्यापेक्षा बरं होतं, माझं डोकं! डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर फळी, फळीवर पाकळ्या खाली करून तुकडा आणि सरळ उभी राहिले. घमेली वाहून वाहून पक्की झालेली मान आहे ही. तुकडा जागेवर गेला. दोन्ही हातांनी कडा धरल्या. आता फक्त एका बाजूची फट उरली होती, घमेल्यातला माल तिथं भरला की झालं. मी हळूच एक हात सोडायला गेले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काहून वं! तू वर काय करून राहिली?"

मी दचकले. पाय घमेल्याला लागला आणि घमेलं धाडकन खाली. सगळा माल फरशीवर.

मिस्त्री दारात उभे होते. पैशाचं पाकीट घरी विसरलं, हे इतवारीत भाव करून झाल्यावर कळलं, म्हणून परत आले होते.

"उतर खाली!"

"उतरू कशी? उतरले तर तुकडा पडते!"

"मंग थांब. मी माल कालवतो."

"नको!"

"काहून नको?"

"मले हेल्पर नको," एवढंच सुचलं. मिस्त्रींना मोठा राग आला. म्हणाले, "आता मी हेल्पर झालो का? पाह्य तू." आणि हा मोठा नावाजलेला मिस्त्री, आयुष्यात पहिल्यांदा माल कालवायला बसला. घमेल्यात भुकटी घेतली आणि वरून पाणी ओतलं! मी वरून डोळे मिटून घेतले. गोळेच गोळे. ते चुरगाळेपर्यंत दगड. परत कालवला, या खेपेला बरा कालवला, पण उठून घोडीपाशी येईतो तोही बसला.

"ही भुकटीच खराब आहे."

"नाई, चांगली आहे."

"मंग पाणी खराब आहे. बेसाचं पाणी जड."

"काल त्याच पाण्यानं छत पडलं ना!"

"तू चूप राह्य. मले काम करू दे."

पुन्हा कालवला, पुन्हा दगड. मिस्त्री आपल्या हातांकडे पाहायला लागले. उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. "शांते," त्यांचा आवाज एकदम बारीक झाला, "माह्या हाताले काय झालं वं? माल थांबून नाई राहिला."

मला भडभडून आलं. पण इकडे तुकडा एका बाजूनं सरकायला लागला होता, खाली जुन्या मालाचा ढीग, संध्याकाळी महालक्ष्म्या दारात. आणि मानेला कळ लागलेली. शेवटी माझ्या तोंडून निघूनच गेलं, "लिंबू! लिंबू पिळा!"

मिस्त्री धावतच स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, कळलं. कुठलं काय! थोड्या वेळानं स्टीलच्या पेल्यात सरबत घेऊन आले. साखर घालून, चमच्यानं ढवळत. "माहीच चूक आहे," म्हणाले. "केवढा घाम आला वं तुले. तोंड उघड, मी खालून पाजतो."

"मले नाई! मालाले पाजा!"

"मालाले?"

"पेला घमेल्यात ओता आन् मग भुकटी सोडा. वरून. हळूहळू!"

वेड लागलं का हिला, अशा नजरेनं त्यांनी पाहिलं. पण ओतला पेला. भुकटी सोडली. कालवलं. आणि थांबले. बोटानं माल उचलला. चोळला. अजून थांबले. पुन्हा उचलला. माल लोण्यासारखा. मिस्त्री तसेच फरशीवर मांडी घालून बसले.

"शांते," ते म्हणाले, "हा तर माह्या हातातला माल आहे."

माझ्या डोक्यावर छत होतं, मान खाली घालायचीही सोय नव्हती.

त्यांनी उठून घमेलं वर दिलं. मी एक हात खाली केला, घमेलं घेतलं, फट भरली, कडा मिटवल्या. हात खाली गेला, घमेलं वर आलं, रिकामं परत गेलं. फक्त उलटं. आता सरबतातलं लिंबू इतकं जास्त झालं होतं, की माल बसता बसेना. मी डोक्यावर तुकडा घेऊन उभी, ते खाली बसलेले.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"जरीपटक्यापासून."

त्यांनी रिकामं घमेलं पालथं घातलं. मला वाटलं, बस, आज याच्या हातचं सगळं नेलं मी. याच्यापेक्षा छत पडलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात माझी नणंद कुंदाताई काटोलहून आली. महालक्ष्म्यांचं सामान घेऊन दारातच थबकली. "अगं बाई! वहिनी, तुम्ही वर कायले टांगल्या? आन् दादा, तू खाली काय करून राहिला?"

"चूप बस कुंदे," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "मले माल पाहू दे."

कुंदाताईनं पाय धुतले, भाज्या निवडल्या, आंबिलीचं पीठ कालवलं, तेव्हा कुठं माल बसला. मी डोकं काढलं. छत जागेवर राहिलं! पण चुंबळ फळीला आणि फळी कडेला चिकटून बसली होती. ती ठोकून काढताना आम्हा नणंद-भावजयांना इतकं हसू आलं, की घोडी हलायला लागली. मिस्त्री मात्र हसले नाहीत. फरशीवरचे शिंतोडे खरवडत राहिले. संध्याकाळी महालक्ष्म्या वाजतगाजत आल्या, नव्या फुलाखाली बसल्या. तरी हा माणूस मागे बसून घमेलं घासतच होता. मोठा धाक वाटला मला.

दुसऱ्या दिवशी जेवणं. पहिल्या पंगतीला जुने कारागीर बसले. मिस्त्री कढीची बादली घेऊन वाढत होते. भाऊराव म्हणून त्यांचे जुने जोडीदार आहेत, त्यांनी पुरणाचा घास तोंडात टाकला, मान वर केली आणि म्हणाले, "मिस्त्री, फुलाचा हा भाग नवा दिसून राहिला. पण काय हात आहे गा! अजून थंडच आहे तुमचा हात."

मी आंबिलीचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. तिथूनच ऐकत होते.

मिस्त्रींनी बादली खाली ठेवली. छाती पुढे काढली.

"भाऊराव, वरचं काम शांतानं केलं."

पंगत वर पाहायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तीस वर्षांनी, भरल्या पंगतीत! पण मिस्त्रींचं अजून संपलं नव्हतं.

"पण वर चढून काय हो, कोणीबी लिंपते," ते म्हणाले. "खरी कला खालच्याची. माल कालवणारा पक्का पायजे. तो नसला तर मिस्त्री कोण? दगड घेऊन बसला असता वर! लोक बाप्पा छत पाहतात, पण माल कोणी कालवला, हे कोणीच विचारत नाई. हा माल मी कालवला आहे!"

हे वाक्य ऐकायला मी तीस वर्षं खाली उभी होते. आलं एकदाचं. शब्द न् शब्द तोच. पण स्वतःबद्दल!

मला असं हसू फुटलं, असं फुटलं, की कुंदाताईनं माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. पंगतीला काही कळेना. मिस्त्रीही माझ्याकडे पाहून हसायला लागले, आणि मग त्यांनाही थांबता येईना. डोळे पुसत म्हणाले, "आता कोणी तरी विचारा ना, मालात काय टाकलं म्हणून!"

दुसऱ्या पंगतीला आम्ही बाया बसलो. मी जागा मुद्दाम फुलाखाली धरली. पान भरलेलं होतं, पण मी जेवायचं सोडून मान मागे टाकून छत पाहत होते. अगदी निवांत, पाकळी न् पाकळी. किती सुंदर असतं हो छत! खाली पाहिलं तर वाटीतली कढी संपलेली. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी हात वर केला आणि सगळ्या बायांसमोर घोडीवरच्या आवाजात ओरडले,

"माल!"

आणि कढीची बादली घेऊन आमचे मिस्त्री पळतच आले.